दुसऱ्याच्या घराचा नकाशा

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



चिटणीसबाई माझ्याकडे आल्या तेव्हा, "घर आणि स्त्री" या विषयावर दोन शब्द बोला, असे त्यांनी सांगितले होते. तो विषय फार मोठा आहे आणि त्यावर पुष्कळ विद्वान बायकांनी बोलून ठेवले आहे. मी त्यातला एक लहानसा कोपरा घेते. दुसऱ्याच्या घराचा नकाशा समोर आला म्हणजे आपल्या तोंडातून जो सल्ला बाहेर पडतो, न विचारता पडतो, त्याविषयी मी बोलणार आहे. या बाबतीत माझा अधिकार एवढाच, की असा सल्ला देण्याचा गुन्हा मी स्वतः केला आहे, आणि न देण्याचाही केला आहे. दोन्हींची शिक्षा मला झाली नाही, दुसऱ्यांनाच झाली. म्हणून तर आज बोलावेसे वाटले.

आपल्या वडगावात घर बांधायला निघाले म्हणजे काय होते ते तुम्हा सर्वांना ठाऊक आहे. नकाशाची गुंडाळी बारामतीहून येते. सोप्यात बाजेवर ती पसरली जाते. चार कोपऱ्यांवर पाण्याचा तांब्या, पानाचा डबा, मोबाईल आणि कुणाचे तरी चष्म्याचे घर ठेवले जाते, म्हणजे कागद पुन्हा गुंडाळत नाही. मग भाऊबंद जमतात. मामा म्हणतात, दार पूर्वेलाच हवे. चुलते म्हणतात, पूर्वेला रस्ता कुठे आहे? पुण्याहून आलेला पुतण्या मोबाईलवर कुणाच्या तरी बंगल्याचे चित्र काढून दाखवतो आणि म्हणतो, स्वयंपाकघर आणि बैठक एकच करा, आता मधे भिंत घालत नाहीत. गवंडी बिचारा उंबऱ्याशी बसून सगळ्यांना "करू की" म्हणत असतो. आणि जिला त्या घरात पुढची तीस-चाळीस वर्षे भाकरी थापायची आहे ती आत चहा टाकत असते. ती कपांचे ताट घेऊन बाहेर येईपर्यंत तिचे स्वयंपाकघर नैर्ऋत्येकडून आग्नेयेला गेलेले असते, आणि कधी कधी दोन फुटांनी आखडलेलेही असते! तिला कुणी विचारत नाही. विचारले तरी ती म्हणते, "तुम्ही ठरवाल ते बरंच असेल."

हसू नका. त्या बाजेभोवती आपणही असतोच. फक्त आपण दाराआडून बोलतो.

आता माझी पहिली चूक सांगते. आमच्या आळीत एक लेक-सून अशी बाई आहे. नवरा अपघातात गेला, पदरी एक मुलगी. तिला घरकुल मंजूर झाले. २०१६ साली ही योजना प्रधानमंत्री आवास योजना या नावाने नव्याने सुरू झाली. तीत घर किमान २५ चौरस मीटरचे, म्हणजे सुमारे २६९ चौरस फुटांचे, धरलेले असते. सपाटीच्या भागात तेव्हा १ लाख २० हजार रुपये मिळत, आणि तेही एकदम नव्हे. काम जसजसे वर चढेल तसतसे हप्त्याने. शिवाय रोजगार हमीतून काही दिवसांची मजुरी, संडासासाठी वेगळी रक्कम. हा हिशेब तिने वहीत लिहून काढला होता आणि त्या हिशेबात बसेल असा एका खोलीचा आणि चुलीच्या जागेचा नकाशा गवंड्याकडून आखून घेतला होता.

ती मला नकाशा दाखवायला आली नव्हती. ती दळण न्यायला आली होती आणि कागद तिच्या पिशवीत होता. मीच तो ओढून घेतला. मीच म्हणाले, "अगं, एवढीशी खोली? उद्या पोरगी मोठी होईल, पाहुणे येतील. आयुष्यात एकदाच घर होतं. पायातच चार फूट वाढव. वर नंतर बांधता येतं, पाया नंतर वाढवता येत नाही." पुढे ओटाही काढायला सांगितला. माझ्या बोलण्यात खोटे काही नव्हते. पाया नंतर वाढवता येत नाही हे खरेच आहे. पण तिच्या वहीतले आकडे मी पाहिले नव्हते. मी फक्त खोली पाहिली होती.

ती मला काकी म्हणते. वडीलधाऱ्या बाईचा शब्द कसा मोडायचा, म्हणून तिने पाया वाढवला. दगड, सिमेंट, मजुरी सगळेच वाढले. पहिला हप्ता पायातच जिरला. भिंती उभ्या करायला तिने भावाकडून उसने आणले, आणि भिंती खिडकीच्या वर गेल्यावर काम थांबले ते थांबलेच. स्लॅबला पैसा उरला नाही. दोन पावसाळे त्या भिंती उघड्या उभ्या होत्या आणि मायलेकी शेजारी पत्र्याच्या आडोशाला राहत होत्या. पोरगी दहावीला होती. रात्री पाऊस आला की वह्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून उशाखाली घ्यायची. मी रोज त्या रस्त्याने देवळात जात असे. पुढे मी दुसऱ्या रस्त्याने जाऊ लागले.

तिने मला एका शब्दाने दोष दिला नाही. दिला असता तर बरे झाले असते.

मग मी मनाशी ठरवले की यापुढे कुणाच्या घराविषयी तोंड उघडायचे नाही. आणि लगेच दुसरी चूक केली.

आमच्या नात्यातल्या एका कुटुंबाने रानात घर बांधायला काढले. कालव्याखालची जमीन, तीन बाजूंना ऊस. मी भूमिपूजनाला गेले तेव्हा चर खणलेले होते. माझे माहेर काळ्या रानातले. आमचे वडील म्हणत, काळ्या मातीवर घर ठेवू नये, मुरूम लागेपर्यंत खाली जावे. त्या चरात मला मुरूम दिसला नाही. काळी मातीच दिसली, आणि चर कमरेइतकाही खोल नव्हता. जोतेही रानाच्या बांधापेक्षा फारसे वर येणार नव्हते. मला हे सगळे दिसले, आणि मी नारळाचा प्रसाद घेऊन घरी आले. म्हटले, त्यांचा इंजिनिअर आहे, त्यांचे ते बघतील.

काळ्या मातीचा स्वभाव आपल्याला शेतात माहीत असतो, घर बांधताना आपण तो विसरतो. ती पाणी प्याली की फुगते आणि वाळली की आक्रसते. उन्हाळ्यात शेताला हात जाईल एवढ्या भेगा पडतात त्या त्यामुळेच. घराच्या एका अंगाला उसाचे पाणी बारमाही मुरते आणि दुसऱ्या अंगाला अंगण कोरडे असते. मग एक कोपरा माती वर उचलते आणि दुसरा खाली बसतो. भिंत बिचारी काय करणार? ती खिडकीच्या कोपऱ्यापासून तिरपी तडकते. पाया मुरमावर नेला, किंवा मुरूम फार खोल असेल तर जाणत्याला विचारून कॉलम घेतले आणि जोत्याला सगळीकडून बीमने बांधले, तर हे टळते.

दुसरे संकट लोण्याचे. खायचे लोणी नव्हे, भिंतीला लागतो तो लोणा. आपल्या नीरा डाव्या कालव्याला पाणी येऊ लागले ते १८८५ च्या सुमारास. जेथे वर्षाला जेमतेम वीस इंच पाऊस पडतो अशा मुलखात त्या पाण्याने बागायत आणली. आपली सगळी सुबत्ता त्याचीच. पण पाणी फार मुरले की जमिनीतले क्षार वर येतात. डॉ. हॅरॉल्ड मॅन आणि तांबे नव्हे, ताम्हाणे, या दोघा शेतकी खात्यातल्या माणसांनी नीरा खोऱ्यातल्या खारवट जमिनींवर एक पुस्तिकाच १९१० साली लिहिली. म्हणजे हे दुखणे शंभर वर्षांहून जुने आहे आणि सरकारदप्तरी नोंदलेले आहे. जे क्षार उसाला मारतात तेच विटेतून वर चढतात. ओल हवेत उडून जाते आणि मीठ भिंतीत राहते. ते फुलते आणि गिलावा सोलून काढते. वरून कितीही रंग द्या, पुढच्या दिवाळीला पापुद्रे तयार! त्याला उपाय बांधतानाच करावा लागतो. जोते दोन-अडीच फूट वर घ्यावे, जोत्याच्या माथ्यावर ओल अडवणारा काँक्रीटचा थर सबंध भिंतीखाली फिरवावा, आणि घराभोवती उताराचा कोबा करून न्हाणीचे पाणी लांब सोडावे. भिंतीला लागून केळी लावण्याची आपली हौस असते, तीही आवरावी.

त्या घराला दुसऱ्या वर्षी तडे गेले. तिसऱ्या वर्षी ढोपराएवढ्या उंचीपर्यंत गिलावा गळू लागला. कर्ज अजून फिटायचे होते. एकदा मी गेले तेव्हा त्यांची सून झाडू घेऊन भिंतीचा भुगा गोळा करत होती. सहज बोलता बोलता माझ्या तोंडून निघून गेले, की चर पाहिला तेव्हाच मला शंका आली होती. तिने झाडू खाली ठेवला आणि विचारले, "काकी, तुमाला तवाच दिसलं व्हतं न्हवं? मग बोलला का न्हाई?"

भगिनींनो, या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. पहिल्या ठिकाणी मी बोलायला नको होते तिथे बोलले, दुसऱ्या ठिकाणी बोलायलाच हवे होते तिथे गप्प बसले. दोन्ही वेळा मी विचार केला तो माझा. पहिल्यांदा मला शहाणी दिसायचे होते, दुसऱ्यांदा मला वाईटपणा नको होता.

तेव्हापासून या गोष्टीचा मी जरा बारकाईने विचार करते, आणि तसा विचार करताना मला नेहमी किल्लारीची आठवण होते.

३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. आदल्या दिवशी गणपती बुडवून लोक दमून झोपले होते. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात भूकंप झाला आणि सुमारे आठ हजार माणसे गेली. ती बहुतेक आपापल्या घराखाली गेली. तिकडची घरे माळवदाची. भिंती दगडमातीच्या, दोन-अडीच फूट रुंद. बाहेरचा एक थर, आतला एक थर आणि मधे दगडगोट्यांची भर. दोन्ही थरांना एकत्र धरणारा, भिंतीच्या आरपार जाणारा दगड पुष्कळ ठिकाणी नव्हताच. वर लाकडावर मातीचे छप्पर, आणि ते गळू नये म्हणून त्यावर वर्षानुवर्षे मातीचे थर चढत गेलेले. उन्हाळ्यात थंड, थंडीत उबदार, असे फार सुखाचे घर. पण ते हादरले तेव्हा थर सुटले आणि मातीचे ओझे खाली आले.

त्यानंतर सबंध देशातून सल्ला आला. न विचारता आला म्हणायला हरकत नाही. बावन्न गावे पुरती नव्या जागी वसवायची ठरली. जमिनीच्या प्रमाणात घरे ठरली: भूमिहीन आणि अल्प जमीनवाल्यांना २५० चौरस फूट, मधल्यांना ४००, मोठ्या शेतकऱ्यांना ७५०. सरळ रस्ते, सरळ रांगा. संस्था आल्या, इंजिनिअर आले. हेतू सर्वांचे चांगले होते आणि घरे मजबूत झाली, हे आधी मान्य केले पाहिजे. ज्यांच्या घरातली माणसे गेली होती त्यांना आधी डोक्यावर भरवशाचे छप्पर हवे होते. पण चूल कुठे मांडायची, कडबा कुठे रचायचा, शेळी कुठे बांधायची, पोती कुठे ठेवायची, बाजले टाकून चार बायकांनी बसायचे कुठे, हे नकाशा काढताना बहुतेक ठिकाणी बायकांना कुणी विचारले नव्हते. मग अनेकांनी चांगल्या घरापुढे पत्र्याची शेड टाकली आणि संसार शेडमध्येच मांडला.

पण याच कहाणीची दुसरी बाजू आपल्यासारख्या मंडळांनी मुद्दाम लक्षात ठेवण्याजोगी आहे. ज्या गावांत घरे पडली नव्हती पण खिळखिळी झाली होती, अशी बाराशेहून अधिक गावे होती. तिथे माणसांनी आपापल्या घरांची स्वतःच दुरुस्ती करायची आणि सरकारने पैसा द्यायचा, असे ठरले. घरोघर हे समजावून कोण सांगणार? तेव्हा स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेच्या मदतीने गावोगावच्या महिला मंडळांतल्या बायका पुढे केल्या गेल्या. त्यांना संवाद सहायक असे नाव होते. त्या बायका आधी स्वतः शिकल्या. भिंतीत आरपार दगड कसे घालायचे, खिडक्यादारांच्या वरून काँक्रीटचा पट्टा सगळ्या भिंतींना कवेत घेईल असा कसा फिरवायचा, छपरावरची माती किती कमी करायची, पैशाचा हप्ता केव्हा मिळतो, हे सगळे शिकून मग त्या लोकांच्या दारात गेल्या. आणि त्या गेल्या तेव्हा शेजारीण म्हणून गेल्या. घरातली बाई कुठे अडली आहे ते त्यांना कळत होते, कारण त्यांच्याही घराला तसाच तडा होता.

मला यात दोन गोष्टी दिसतात. त्या बायकांनी पडदे कुठल्या रंगाचे लावा हे कुणाला सांगितले नाही. ज्यावर जीव अवलंबून होता तेवढेच सांगितले. आणि सांगण्याआधी त्या हप्त्याचा हिशेब शिकल्या. मी तो शिकले नव्हते.

परदेशातली एक गोष्ट सांगते, फार लांबवत नाही. जर्मनीत फ्रँकफर्ट शहरात १९२६ साली कामगारांच्या घरांसाठी एक स्वयंपाकघर तयार झाले. ते आखले मार्गारेटे श्युटे-लिहोत्स्की नावाच्या एका तरुण स्त्री वास्तुशिल्पीने. बाई स्वयंपाक करताना किती पावले चालते, कुठे वाकते, हे मोजून तिने सगळे हाताशी आणले. पिठाचे कप्पे ओकच्या लाकडाचे केले, कारण त्या लाकडाने पिठात किडे होत नाहीत, असे म्हणत. अशी सुमारे दहा हजार स्वयंपाकघरे झाली. आज आपण जो उभ्याचा ओटा आणि वर फडताळे करतो त्याची ही आजीच म्हणायची. तरी पुढे तिनेच सांगून टाकले, की हे आखण्यापूर्वी मी कधी स्वयंपाक केला नव्हता. ते स्वयंपाकघर लांबट आणि अरुंद, जेमतेम सहा फूट रुंद, एका बाईपुरते. जिथे सासू, सून आणि मदतीला आलेली नणंद एकाच वेळी वावरतात, त्या आपल्या घरात ते तसेच्या तसे उचलून ठेवले तर रोज भांडण! पावले मोजण्याची कल्पना मात्र मला आवडली. मी माझ्या घरात मोजली. पाण्याच्या हंड्यापासून चुलीपर्यंत बारा पावले होती. हंडा जवळ आणायला मला तीस वर्षे का लागली, कोण जाणे.

तर मी आता काय करते ते सांगते. नकाशा कुणी दाखवला तर मी आधी सल्ला देत नाही, विचारते. आणि बाजेभोवतीच्या पुरुषांना नव्हे, आत जाऊन चहा टाकणारीला विचारते. भाकरी बसून करणार की उभ्याने? धूर कुठून जाईल? सासूबाईंना रात्री उठावे लागते तर संडास त्यांच्या खाटेपासून किती लांब, आणि मधे पायरी आहे का? बाळंतीण कुठे निजेल? धान्याची कोठी आत येईल एवढे दार आहे का? (आमच्या एका सोयऱ्यांकडे घर बांधून झाल्यावर कोठी दारातून आत जाईना. शेवटी खिडकीची चौकट काढली.) पोरगी अभ्यासाला कुठे बसेल? ऊन कुठून येते?

उन्हाचे थोडे सांगितले पाहिजे, कारण इथे फसगत होते. आपल्या गावावरून मेच्या मध्याच्या सुमारास सूर्य भर दुपारी अगदी डोक्यावरून जातो. तेव्हा दुपारी भिंतीपेक्षा स्लॅबच जास्त तापतो, आणि रात्री सारी उष्णता खाली सोडतो. गच्चीला पांढरा चुना द्यायला फार खर्च येत नाही, पण तो कुणी सुचवत नाही. सुचवतात ते कठड्याची नक्षी. दुपार कलल्यावर पश्चिमेची भिंत तापते, म्हणून त्या अंगाला जिना, न्हाणी किंवा कोठीची खोली यावी, निजायची खोली येऊ नये. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेला कलतो, तेव्हा दक्षिणेची खिडकी म्हाताऱ्या माणसांना मोठे सुख देते. तिच्यावर दोन फुटांचा छज्जा असला म्हणजे पावसाचीही झड अडते.

वास्तुशास्त्राविषयी मला नेहमी विचारतात. मी त्याच्याशी भांडत नाही. स्वयंपाकघर आग्नेयेला ठेवावे म्हणतात; आपल्याकडे उन्हाळ्या-पावसाळ्यात वारा बहुतेक पश्चिमेकडून येतो, तेव्हा चुलीचा धूर घरात न शिरता बाहेर जातो. जुन्या माणसांच्या बोलण्यात असा काही अनुभव असतो. पण एक ठोकळ दिशा सांभाळण्यासाठी उभ्या झालेल्या भिंती पाडा, असे एखाद्याने सांगितले तर तिथे मी बोलते. त्या भिंतीला बाईच्या पाटल्या लागलेल्या असतात.

आणि एक प्रश्न मी हळूच विचारते, तो नकाशात नसतो. घर कुणाच्या नावावर लागणार आहे? २००३ साली आपल्या राज्य सरकारने ठरवले की गावठाणातल्या घराला ग्रामपंचायतीच्या दप्तरी नवराबायको दोघांचीही नावे लावावीत. घरकुलही बाईच्या नावे किंवा दोघांच्या नावे द्यावे असाच नियम आहे. तरी आपल्यापैकी कितीजणींनी आपला नमुना आठचा उतारा काढून पाहिला आहे? हात वर करायला सांगत नाही. आज आनंदाचा दिवस आहे. पण उद्या पंचायतीत जाऊन पाहून या.

सांगायचेच झाले तर केव्हा सांगावे, हेही मी चुका करूनच शिकले. फक्की टाकून आखणी होण्याआधी कागदावर रेघ पुसता येते. चर खणल्यावरही पायाविषयी आणि जोत्याविषयी सांगता येते, आणि तिथे भीड धरू नये, मी धरली. स्लॅब पडल्यावर जिना चुकला हे सांगून काय उपयोग? तेव्हा पेढा तोंडात घालावा आणि घर छान झाले म्हणावे. चारचौघांत सांगू नये, एकटीला सांगावे. एकदाच सांगावे. आणि जे सुचवू त्याला किती पैसे पडतील हे आधी गवंड्याला विचारून घ्यावे, आणि तो आकडा सल्ल्याबरोबरच सांगावा. एवढे करूनही तिने ऐकले नाही तर वास्तुशांतीला जाऊन पुरणपोळी खावी. घर तिचे आहे. रंग, फरशी, दारावरचा गणपती, कठड्यावरचे सिमेंटचे मोर, यांविषयी तर बोलूच नये. मोर मला मुळीच आवडत नाहीत. पण ते माझ्या डोक्यावर पडणार नाहीत.

हे सगळे मला पहिल्यापासून कळले असते तर त्या मायलेकींचे दोन पावसाळे वाचले असते. त्यांचे घर पुढे झाले. ते माझ्यामुळे नव्हे; तिने दोन हंगाम उसाच्या खुरपणीला आणि नंतर एका शाळेत खिचडी शिजवायला जाऊन पैसे जमवले, आणि आधी पत्रे टाकले, मग स्लॅब. माझ्या हट्टाची ती चार फूट जागा आता मुलीच्या अभ्यासाला होते, असे ती म्हणते. मला बरे वाटावे म्हणून म्हणते की खरेच म्हणते, ते मी विचारले नाही.

गेल्या महिन्यात ती माझ्याकडे आली. या वेळी नकाशा पिशवीत नव्हता, हातात होता. वर एक खोली चढवायची आहे आणि बाहेरून जिना घ्यायचा आहे. जिन्याखाली न्हाणी काढायचे तिच्या मनात आहे. तिने कागद माझ्या ओट्यावर पसरला, वर आपली चप्पल ठेवली आणि म्हणाली, "बघा काकी. आता बोला."

मी बराच वेळ पाहिले. बोलावे की नाही, असे झाले. शेवटी एवढेच विचारले, "खर्चाची वही आणलीस का?" तिने ती काढून दिली. मी आकडे वाचले. मग विचारले, "जिन्याखाली उंची किती राहते, मोजलीस का? न्हाताना डोकं आपटेल."

"मोजली की," ती म्हणाली. "कमीत कमी पाच फूट चार इंच. मी पाच फूट. अन् पोरगी पाच फूट दोन."